तिवरबंदरचा विनंती थांबा

५ फेब्रुवारी, बुधवार. मानोरा

डॉक्टर म्हणाले, "इंगोले, डोक्यात जे जे येतं ते संध्याकाळी लिहून काढा आणि झोपा. बायकोला उठवत बसू नका." हा सल्ला डॉक्टरांचा की रुख्मिणीने त्यांना पढवलेला, हे मला अजून कळलेलं नाही. तपासायला ती माझ्यासोबत आत आली होती आणि निघताना दोघंही हसत होते. घरी आल्यावर पिंकीने, आमच्या पोरीने, तिची कॉलेजातली कोरी डायरी हातात दिली. लिहितो.

डोक्यात एकच येतं. संघदीप.

पोरगा दोन वर्षांपासून तिकडे कोकणात, वीज उपकेंद्रात नोकरीला आहे. नोकरी लागली तेव्हा मीच अख्ख्या स्टँडवर पेढे वाटले. वाटलं, वर्षभरात बदली करून घेईल. आता बदलीचं नाव काढलं की विषय बदलतो आणि लग्नाचं काढलं की त्याची रेंज जाते. गेल्या भीमजयंतीलाही आला नाही. एकुलता एक पोरगा पाहुण्यासारखा घरी येणार, दोन दिवस राहून जाणार, आणि मग तेही थांबणार, अशी भीती मला बसली आहे. ही भीती मी कोणाजवळ बोललेलो नाही.

म्हणून केनवडच्या रामरावला शब्द दिला. रामराव एसटीत माझ्यासोबत होता. पोरगी शिकलेली, घर माहितीतलं. येत्या सोळा तारखेला, रविवारी, पाहण्याचा कार्यक्रम. आपण जीपने जायचं, संघदीपला गाडीत घालायचं, शनिवारी घरी, रविवारी केनवड. एकदा पोरगी पाहिली की पोरगा आपोआप इकडे ओढला जाईल.

रुख्मिणी "एवढ्या लांब कायले?" म्हणून अडून बसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "चाला." पिंकीनेही लगेच सुटी टाकली. एवढी एकी मी आमच्या घरात पहिल्यांदाच पाहिली.

१० फेब्रुवारी, सोमवार

उद्या पहाटे निघायचं. जीप सैफुद्दीन टायरवाल्याची, चालवणार त्याचा पोरगा तौकीर. मी स्वतः टायर, ऑइल, स्टेपनी पाहिली. तौकीर म्हणाला, "काका, तुमी आता रिटायर झाले नं? मंग गाडीले सुखानं जाऊ द्या."

रुख्मिणीने पिशवीत तूरडाळ, ज्वारीचं पीठ आणि तिखट भरलं आहे. आणि कपाटातली नवी हिरवी साडी. मी विचारलं, ही कोणासाठी? म्हणाली, "केनवडच्या पोरीसाठी." मग ती प्रवासात कशाला? म्हणाली, "असू द्या सोबत." बायकांच्या पिशव्यांचं तर्कशास्त्र वेगळंच असतं.

बीपीच्या गोळ्या घेतल्या. छातीत धडधड आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार. तिवरबंदर

जे व्हायला नको होतं तेच झालं. गाडी बंद पडली.

काल सोलापूरला मुक्काम केला. आज घाट उतरलो, आणि संघदीपचं गाव तासाभरावर राहिलेलं असताना तौकीरने जीप मोठ्या रस्त्यावरून आत वळवली. म्हणे चहा घेऊ, समुद्र पाहू. रस्ता संपला तिथे हे गाव. कौलारू घरं, नारळ, एक दुकान, एक छोटं बुद्धविहार, आणि पुढे नुसती ओली वाळू. पाणी फार लांब, एखाद्या पांढऱ्या धोतराच्या काठासारखं. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि तोही आटलेला.

चहा झाला. गाडी सुरू होईना. सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही. तौकीरने बॉनेट उघडून बराच वेळ आत डोकं घातलं आणि म्हणाला, "पंपाचं काम दिसते काका. पार्ट कोल्हापूरहून आनावं लागन. दोन-तीन दिवस धरा."

दोन-तीन दिवस! मी घामाघूम झालो. रुख्मिणी म्हणाली, "मंग राहू इथंच." इतक्या शांतपणे, की जणू घरून निघतानाच तिने हे ठरवलं होतं.

चहावाल्या बाईंच्या घरीच दोन खोल्या मिळाल्या. तांबेबाई त्यांचं नाव. आपल्याच समाजातल्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. घरात त्या, त्यांची मुलगी अस्मिता आणि नात मैत्री, वय पाच. अस्मिता इथल्या आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर होता, चार वर्षांपूर्वी समुद्रात गेला. ऐकून वाईट वाटलं. एवढ्या लहान वयात!

संघदीपला फोन केला. म्हटलं, तूच ये इथे, बस करून सगळे निघू. म्हणाला, "पप्पा, ड्युटी हाये. काही घाई नाई, गाडी दुरुस्त होऊ द्या." काही घाई नाही! आणि रविवार?

चहा मात्र बरोबर माझ्यासारखा, कमी साखरेचा, आलं जास्त. सांगावंही लागलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज दुपारी माझी फजिती झाली.

जेवण करून ओट्यावर आलो तर पाणी अंगणाच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागलेलं. सकाळी तिथे पोरं क्रिकेट खेळत होती. मी ओरडलो, "रुख्मे, पिशव्या उचल! पूर आला!" आमच्याकडे नदीला असं पाणी चढलं की माणूस पोरं उचलतो आणि उंच जागेकडे पळतो. तांबेबाई कपाळाला हात लावून हसल्या. "बसा ओ, घाबरू नका. भरती हाय ती. आली तशी जाईल." पिंकी तर जमिनीवर बसून हसत होती.

नंतर मी नीट चौकशी केली. दिवसातून दोनदा येतं, दोनदा जातं. म्हणजे यालाही वेळापत्रक आहे. मग हरकत नाही. आयुष्यभर कारंज्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो, वेळापत्रक समजतं मला. दुपारी जेवणाच्या सुमारास येतं, एवढं ध्यानात ठेवलं.

रामरावचा फोन. "मंग राजपालभाऊ, पोहे भिजवू नं रविवारी?" मी म्हटलं, भिजवा. फोन ठेवला आणि तसाच उठलो. गाडीचं काय, विचारायला गेलो तर तौकीर गळ घेऊन धक्क्यावर मासे पकडत बसलेला. म्हटलं, बाबा रे, पार्टचं काय? म्हणाला, "येऊन राह्यला काका, रस्त्यानं हाये." त्याला माझ्या काळजीचा थेंबभरही स्पर्श नाही.

रात्री जेवायला भाकरी, ठेचा आणि तुरीचं वरण. कोकणात! भाकरी अस्मिताने थापली, आणि अशी की रुख्मिणीला नाव ठेवायला जागा राहिली नाही. आमच्या घरात हे सोपं नाही. मी विचारलं, "कुठे शिकलीस बाई?" ती खाली बघून म्हणाली, "एकांनी शिकवली." मग रुख्मिणीने मला आणखी वरण वाढलं.

मैत्री माझ्या मागेच असते. मी कपाळाला आठ्या घालून बसलो होतो तर जवळ येऊन म्हणते, "आजोबा, काहून रागावले?"

काहून! कोकणातल्या लेकराच्या तोंडी! एका दिवसात आमची बोली उचलली. हुशार पोर. मी विचारलं, "कोणी शिकवलं गं?" तिने तोंडावर हात ठेवला. "आजीनं सांगितलंय, सांगायचं नाय." लहान मुलांची गंमत.

खरं सांगायचं तर त्या पोरीपाशी बसलो की धडधड थोडी कमी होते. तिला बाप नाही आणि मला नातवंड नाही. पण हे काही लिहिण्यासारखं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचं लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो, नाहीतर झोप येणार नाही.

सकाळी पाणी पुन्हा लांब गेलेलं. चहा झाल्यावर मैत्री म्हणाली, काळ्या खडकावर पक्षी बसतात, दाखवते. मी तांबेबाईंना ओरडून सांगितलं, जरा फिरून येतो. त्यांना ऐकू गेलं की नाही, थांबून पाहिलं नाही. अस्मिता ड्युटीवर गेली होती. मी हिशेब केला, पाणी काल दुपारी आलं, म्हणजे आजही दुपारी येणार. सकाळ आपली.

हीच माझी चूक. मला वाटलं पाणी एसटीसारखं येतं. वेळ झाली की फलाटाला लागतं, तोपर्यंत येत नाही. ते सकाळपासून चालतच असतं, दुपारी फक्त गडग्याशी पोचतं, हे मला सुचलंच नाही.

खडकापर्यंत कोरडे गेलो. वाटेत वाळूत एक खोलगट चरी लागली, घोटाभर पाण्याची. मैत्रीने ती उडी मारून ओलांडली. खडकावर बसून मी तिला आमच्या अडाण नदीच्या गोष्टी सांगितल्या, ती शिंपले वेचत होती. समोर समुद्र लांबच दिसत होता. मी समोरच बघत होतो.

मागे वळलो तर चरी भरली होती. नुसती भरली नव्हती, वाहत होती. आमच्यात आणि गावात पाणी.

आमच्याकडे पाणी उतरलं की उतरलं. त्या दिवशी ते परत मागे येऊन उभं राहत नाही. पोरीला खांद्यावर घेतलं आणि सरळ पाण्यात शिरलो. गुडघे, मांड्या, कंबर. पायाखालची वाळू निसटत होती. मैत्री माझे केस धरून बसलेली, रडत नव्हती, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली. मला पोहता येत नाही. मनात आलं, या घरातला एक माणूस समुद्राने नेला आणि दुसरा मी नेणार.

तेवढ्यात काठावरून आवाज आला. अस्मिता. कोणीतरी तिला बोलावलं असावं. "काका, सरळ येऊ नका! डावीकडे! दगडांच्या रांगेवर पाय ठेवा! डावीकडे!" आवाज खणखणीत, न कापणारा. मी डावीकडे सरकलो, पायाला दगड लागला.

आणि तिच्या बाजूने कोणीतरी पँटसकट पाण्यात धावत आलं. "पप्पा! थांबा तिथंच, मी आलो!"

संघदीप. ड्युटीवर असलेला, तासभर लांब असलेला माझा संघदीप.

मी काही बोलायच्या आत माझ्या खांद्यावरून ती पोर दोन्ही हात पसरून ओरडली, "बाबा! बाबा, इकडे!" आणि त्याने तिला माझ्याकडून अशी घेतली की ती सवय एका दिवसाची नव्हती. दुसऱ्या हाताने त्याने माझं मनगट धरलं. लहानपणी यात्रेत मी त्याचं धरायचो तसं.

काठावर कोणी मला रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. अस्मिताने मला बाजेवर बसवलं, टॉवेल दिला, बीपी मोजायला पट्टा बांधला. मघाचा खणखणीत आवाज जिचा, तिच्या हातून पट्टा दोनदा सुटला. "काका, इथे पाणी आधी चरीत भरतं," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "बाई, मला माफ कर." ती उठून आत गेली आणि आतून रडण्याचा आवाज आला.

मग रुख्मिणी समोर येऊन बसली. मी काही विचारायच्या आधीच तिने सगळं सांगितलं. दीड वर्षापासून संघदीपचं जमलेलं आहे. तिला माहीत, पिंकीला माहीत, तौकीरला माहीत, सैफुद्दीनलाही माहीत. बहुतेक डॉक्टरलाही. गाडी बिघडलेली नाही. पंपाला वीज देणारा काडेपेटीएवढा एक रिले काढून रुख्मिणीने सुपारीच्या चंचीत ठेवला आहे. संघदीप बुधवारपासून विहाराशेजारच्या घरात राहतो आहे.

"तुमाले पयले सांगतलं असतं त तुमी इथं उतरले असते का?" ती म्हणाली. "म्हून म्हटलं, आधी मानसं पाहू द्या, मंग नातं सांगू."

मी म्हटलं, "विधवा, लेकरू असलेली. मानोऱ्यात लोक काय म्हणतील?"

"दर जयंतीले माइक धरून काय बोलता तुमी? विधवेचं लगन लावा, तिच्या लेकराले नाव द्या. टाळ्या घेता. सभेत बोलता ते करन कोन मंग, शेजारी?"

मला मूर्ख बनवलं याचा राग आहे. पण राग वरवरचा आहे, आत दुसरंच काही डाचतं आहे. माझ्या पोराला माझी एवढी भीती वाटली की बापाशी एक वाक्य बोलण्यासाठी अख्खी जीप बंद पाडावी लागली. तो माझ्यापासून लांब गेला तो कोकणामुळे गेला, असं मी दोन वर्षं समजत होतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी संघदीप धक्क्यावर माझ्याशेजारी येऊन बसला. मग तो म्हणाला, "पप्पा, तुमी नाई म्हटलं तरी मी तिले सोडनार नाई. पन तुमाले सोडूनबी करमनार नाई मले."

मी विचारलं, "बदली?"

"मिळाली तर घेईन. तिचीबी पाहावं लागन. नाई मिळाली त इथंच."

मला आवडलं नाही. आवडल्यासारखं दाखवलंही नाही. पण एक विचारलं, "त्या पोरीला ठेचा कोणी खायला शिकवला? तोंड भाजत नाही का तिचं?" तो हसला. गेल्या दोन वर्षांत फोनवर न ऐकलेलं हसू.

मग मी रामरावला फोन लावला. हे काम दुसऱ्या कोणावर ढकलता येत नव्हतं. म्हटलं, रामराव, उद्या पोहे भिजवू नका. पोराचं जमलेलं आहे, मलाच माहीत नव्हतं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पाहुने सांगून ठेवले मी. पोरगी तयारी करून राह्यली. तुह्या शब्दाले काय अर्थ रायला राजपाल?" मी म्हटलं, काही राहिला नाही. त्याने फोन ठेवला. एसटीतली सगळी वर्षं एका डब्यातून जेवलेला माणूस. हे मला बरेच दिवस लागेल. त्याच्या पोरीचा यात काय दोष?

रुख्मिणीने पिशवीतली हिरवी साडी काढून अस्मिताला दिली. अस्मिता पाया पडायला वाकली तर माझ्या तोंडातून निघालं, "राहू दे, राहू दे, बीपी मोज आधी." सगळे हसले. मला रडू येत होतं, म्हणून तसं बोललो.

तौकीरने चंचीतला रिले घेऊन माझ्यासमोर बॉनेट उघडलं आणि जागेवर बसवून दाखवला. "पाहा काका, हे एवढंसं." गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. उद्या सकाळी निघायचं ठरलं. लग्नाची बोलणी नंतर, रीतसर.

१६ फेब्रुवारी, रविवार

धडधड आहे. पण आजची वेगळी.

सकाळी सगळ्या पिशव्या गाडीत गेल्या. तांबेबाईंनी नारळ दिले, सुकट दिलं. संघदीप अंगणात उभा, त्याच्या कडेवर मैत्री. ती गळ्याशी तोंड खुपसून बसलेली, माझ्याकडे बघायला तयार नाही. मी विचारलं, "काहून रागावली?" तर तिने त्याचा गळा आणखी घट्ट धरला.

तौकीर गाडीत बसला. सेल्फ मारला. इंजिन पकडेना. पुन्हा मारला. पुन्हा. त्याने बॉनेट उघडलं आणि या वेळी त्याला खरोखर घाम फुटला. त्याने हळूच रुख्मिणीकडे पाहिलं. रुख्मिणीने चंची उलटी करून दाखवली, नुसती सुपारी. तिने पिंकीकडे पाहिलं. पिंकी शपथा घ्यायला लागली. संघदीप म्हणाला, "आई, आता काहून पन?" ती म्हणाली, "मी नाई रे बावा, आता कायले करू मी?"

आमच्या एसटीत विनंती थांबा असतो. तिथे गाडीने थांबलंच पाहिजे असं नाही, कोणी हात केला तर थांबते. आयुष्यभर मी इतरांच्या हातांची नोंद घेतली. स्वतः कधी रस्त्याच्या कडेला उभं राहून हात केला नव्हता.

मी बाजेवर बसून गंभीरपणे म्हटलं, "दिसतं तर पंपाचंच काम. पार्ट कोल्हापूरहून आणावा लागेल. दोन-तीन दिवस धरा."

मैत्रीने तेवढ्यात मान वर केली.

रिले माझ्या शर्टाच्या खिशात आहे, बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटात. तिथे कोणी हात घालत नाही. आज भरतीला मैत्रीसोबत गडग्यावर बसून पाण्यात पाय सोडायचं ठरलं आहे. पाण्याची वेळ तिच्या आईला विचारून घेतली आहे.